बनावट पत्रं, फॉरवर्ड आणि एक जुना खटला

"व्हॉट्सॲपवर पीएच.डी. करतीस व्हय?" वडगावला घरी गेले की शेजारचे काका हटकून विचारतात. स्वतः ते दिवसाला पन्नासेक फॉरवर्ड पाठवतात, म्हणून मीही हसून 'हो' म्हणते. खरं उत्तर जरा लांब आहे आणि ते १८८१ पासून सुरू होतं. आज तेच सांगते.

मी मूळची संख्याशास्त्राची. समाजमाध्यमांमुळे राजकीय पत्रकारितेत काय बदललं, हा माझ्या संशोधनाचा विषय. सुरुवातीला मला वाटायचं की खोटी बातमी ही स्मार्टफोनची देणगी आहे. मग कोल्हापूर प्रकरण वाचलं.

कोल्हापूर प्रकरण

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात 'मराठा' आणि 'केसरी' सुरू झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. महाराजांना वेड लागलंय असं सांगितलं जात होतं, आणि कारभार माधवराव बर्वे पाहत होते. महाराजांचा छळ होतोय, असा संशय पुण्यात पसरला होता. अशात काही पत्रं बाहेर आली. ती बर्व्यांचीच आहेत आणि त्यांतून महाराजांविरुद्धचा कट दिसतो, असं सांगण्यात आलं. दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर कडक टीका केली.

बर्व्यांनी मुंबईत अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ऑक्टोबरमध्ये ते सुटले. खटल्याच्या वेळी त्यांच्यासाठी दहा हजारांचा जामीन दिला तो रामशेट उरवणे यांनी, आणि तोही जोतीराव फुल्यांच्या शब्दावर.

आता हेच आजच्या भाषेत बघा. लोकांच्या मनात आधीच संशय आहे, त्याला अगदी चपखल बसणारा एक 'पुरावा' हाती येतो, आणि तो खरा मानणारी माणसं शिकलेली, प्रामाणिक, पंचविशीतली आहेत. म्हणजे माझ्यापेक्षाही लहान! काकांच्या फॉरवर्डची गोष्ट याहून फार वेगळी नसते.

फरक पडतो तो पुढे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वर्तमानपत्रावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं होतं. त्यामुळे दाद कुणाविरुद्ध मागायची हे बर्व्यांना ठाऊक होतं. ही नावाची ओळ दुधारी होती हेही खरं. तिच्यामुळेच सरकारलाही संपादक सापडायचा. १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाखाली टिळकांना पुन्हा शिक्षा झाली, ती छापलेल्या मजकुरासाठीच. तरीसुद्धा लिहिलेल्या शब्दामागे एक माणूस उभा होता.

दार कुणासाठी उघडं?

म्हणून जुनं तेच सोनं, असं म्हणायचा मोह मला झाला होता. तो मोडला आमच्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावने. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी मात्र अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत हे दोघं एका व्यासपीठावर आले. संपादकाचं दार काहींसाठी बंदच असायचं, म्हणून त्यांना स्वतःचं दार बांधावं लागलं. आज वडगावातली एखादी मुलगी नळाला पाणी नाही याचा व्हिडिओ टाकते आणि तिला कुणाच्या कचेरीत ताटकळावं लागत नाही. ही कमाई मला गमवायची नाही.

पण याच सोयीने सत्तेलाही मोकळी वाट दिली. २९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा फेसबुक लाइव्हवर जाहीर केला. काका आणि मुंबईतला बातमीदार, दोघंही एकाच क्षणी स्क्रीनकडे बघत होते. हात वर करून प्रश्न विचारायची सोय त्यात नव्हती. हे एका पक्षाचं नाही. सगळेच नेते आता थेट लोकांशी बोलतात, आणि प्रश्न विचारणारा मधून गळतो.

अंगठ्याचं गणित

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतासाठी मर्यादा जाहीर केली: एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना. पुढे नियम आणखी कडक झाले, पण गणितासाठी पाचच धरू.

समजा, एका माणसाने शंभर-शंभर जणांच्या पाच गटांत मेसेज टाकला. झाले ५०० वाचक. त्यांतल्या दर शंभरात एकानेच तो पुढे पाच नव्या गटांत ढकलला, तर पुढच्या फेरीत २,५०० आणि त्यानंतर १२,५००. शंभरातले नव्याण्णव गप्प राहूनही तो दर फेरीला पाचपट होतो! पण तो पाचशेत एकानेच ढकलला, तर वाढ थांबते, आणि त्याहूनही कमी जणांनी ढकलला तर तो हळूहळू विरतो.

म्हणजे १८८१ मध्ये जो निर्णय दोन संपादकांच्या टेबलावर होता, तो आता प्रत्येकाच्या अंगठ्यावर आलाय. जबाबदारी मात्र त्याच्यासोबत आली नाही.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात हे फार जवळून दिसलं. मोबाईलवरच्या स्टेटसवरून तणाव पेटला, दगडफेक झाली आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. मी वडगावातच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात आले आणि म्हणाले, "पेपर आला का गं?" कितीतरी दिवसांनी त्यांनी पेपर मागितला होता. ते वाचत बसले. घटना कुठे घडली, कधी घडली, अधिकारी काय म्हणाले... मध्येच म्हणाले, "हे बरं हाय. कुणी सांगितलं ते तरी लिवलंय."

राजकीय पत्रकारितेचं भविष्य मला त्या वाक्यात दिसतं. वेगात ती फोनला कधीच गाठणार नाही. पण कुणी सांगितलं, ते तपासलं का, आणि चुकलं तर माफी कोण मागणार, याची उत्तरं ती देऊ शकते. ती उत्तरं देणारा बातमीदार टिकेल. फक्त त्याचा पगार निघायला हवा, आणि ते काम तुमचं-माझं आहे.

काकांचे फॉरवर्ड अजून येतात. मी दर वेळी एकच विचारते, "काका, हे लिहिलंय कुणी?" परवा त्यांचा एक मेसेज आला आणि मी वाचायच्या आतच त्यांनी तो डिलीट केला. पाचशेतला एक कमी झाला.