सलग गाण्याचे तुकडे : तबकडीपासून सीडीपर्यंत

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपताच ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, हे जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना ठाऊक आहे. त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. मुद्रण जर्मनीत हानोव्हरला जायचं, तिथे त्याच्या तबकड्या निघायच्या. तिथल्या कारागिराला हिंदुस्थानी गाणं काय कळणार? लेबल कुणाच्या नावाचं लावायचं हे समजावं म्हणून गाण्यातच पत्ता घालून दिलेला.

त्या काळी गाणं तोडायचा प्रश्न नव्हता, ते तुटूनच यायचं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. नोम-तोमचा आलाप निवांतपणे मांडणारे आपल्या बडोद्याचे दरबारगायक फैयाज खाँसाहेब यांनाही त्याच मापात गावं लागलं. एक बाजू, एक गाणं. यंत्र थांबलं की उठून तबकडी उलटायची.

१९४८ साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने लाँग प्ले आणली. मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या आसपास फिरणारी, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं देणारी. आता एका बाजूला पाच-सहा गाणी बसू लागली आणि तिसरं गाणं नेमकं कसं गाठायचं हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. त्यावरचा उपाय फार सुंदर होता. दोन गाण्यांच्या मध्ये खाच थोडी विरळ पाडायची, म्हणजे तबकडीवर एक चकचकीत पट्टी दिसते. तिच्यावर नेम धरून सुई टेकवायची. ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता त्यांना तो श्वास रोखून सुई सोडण्याचा क्षण आठवेल. पण त्या पट्टीतही खाच तुटलेली नसते. बाहेरच्या कडेपासून आतल्या लेबलापर्यंत खाच एकच, सलग. पट्टी केवळ डोळ्यांसाठी. १९६७ साली बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ काढताना या पट्ट्याच गाळल्या, कारण त्यांना ती सगळी तबकडी एका दमात ऐकवायची होती.

कॅसेटने ही सोयही काढून घेतली. फिलिप्सने १९६३ साली बाजारात आणलेल्या या फितीवर डोळ्यांना दिसेल अशी खूणच नाही. तीन आकडी काउंटर आणि अंदाज, एवढ्यावर कारभार. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, कॅसेटवर सलग संगीत फोफावलं. नवरात्रात आपल्या गावात रात्रभर वाजणारे नॉनस्टॉप गरबे आठवा. बाबलांच्या ‘डिस्को दांडिया’ने ती चटक लावली आणि मग प्रत्येक दुकानात तसल्या कॅसेटची रांग लागली. ठेका एकच, तो थांबत नाही, त्यावर एका गरब्यातून दुसरा गरबा उमलत जातो. परदेशी डिस्कोत डीजे दोन तबकड्यांचा ठेका जुळवून जे करत होते तेच हे. पहिलं गाणं कुठे संपलं असं बोट ठेवून सांगता येत नाही, आणि खेळणाऱ्याला ते सांगायचंही नसतं.

मग आली सीडी. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली तिचं प्रमाण ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला प्लेअर विक्रीला ठेवला. बारा सेंटिमीटरची चकती, त्यावर पाच किलोमीटरहून लांब असा एकच सर्पिल मार्ग, आतून बाहेर जाणारा. सेकंदाला ४४,१०० नमुने. त्या प्रत्येक सेकंदाचे ७५ भाग पाडलेले, म्हणजे एका भागात ५८८ नमुने. हा ५८८ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एलपीसारखीच इथेही संगीताची वाट सलगच आहे. मात्र संगीताच्या सोबतीने एक बारीक हिशेबाची पट्टी सतत धावत असते आणि प्रत्येक भागावर लिहिलेलं असतं की हा अमुक क्रमांकाचा ट्रॅक, सुरू होऊन इतकी मिनिटं, इतके सेकंद. चकतीच्या सुरुवातीला या सगळ्याची अनुक्रमणिका. ट्रॅक जास्तीत जास्त ९९. म्हणजे ट्रॅक ही संगीतातली भेग नव्हे, ती केवळ नोंद आहे. जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी असल्यामुळे मला दुसरी उपमा सुचत नाही : नकाशावर हद्दीची रेघ मारली म्हणून शेतात भिंत उभी राहत नाही.

ही नोंद करायची की नाही, हेही बनवणाऱ्याच्या हातात. अमेरिकन गायक प्रिन्स याने १९८८ साली ‘लव्हसेक्सी’ची सीडी काढली तेव्हा त्यातली नऊच्या नऊ गाणी एकाच ट्रॅकमध्ये ठेवली. आवडतं गाणं शोधायचं तर बटण दाबून धरून पुढे पळवत बसा. कलावंताचा आग्रह समजतो, पण ऐकणाऱ्यावर इतकी सक्ती मला पटत नाही. नंतर डीजे मंडळींच्या मिक्स सीडी आल्या त्यांनी योग्य वाट धरली : संगीत अखंड, ठेका न चुकता पुढे, आणि तरी प्लेअरच्या काचेवर क्रमांक बदलत जातो. ऐकत राहा किंवा उडी मारा, दोन्ही करा.

मग आपण घरी केलेल्या सीडीत गाण्यागाण्यांमध्ये ती दोन सेकंदांची शांतता कुठून येते? आपल्या मंडळाच्या जुन्या उत्सवांतल्या कार्यक्रमांच्या सीडी ज्यांच्याकडे आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पद संपतं, टाळ्या टिपेला पोचतात आणि कुणी तोंडावर हात ठेवावा तशा गप्प होतात. दोन सेकंदांनी उरलेल्या टाळ्या पुढच्या पदाच्या सुरुवातीला. अनेकांना वाटतं कॅसेटच खराब झाली असेल. कॅसेट बिचारी धड आहे.

प्रमाणानुसार दोन सेकंदांची शांतता फक्त पहिल्या ट्रॅकच्या आधी सक्तीची आहे, म्हणजे सेकंदाला ७५ प्रमाणे १५० भाग. बाकीच्यांच्या मध्ये ती शून्य असली तरी चालते. पण घरगुती सीडी रायटर आले तेव्हा लिहिण्याच्या दोन पद्धती निघाल्या. एकीत प्रत्येक ट्रॅक लिहून झाला की लेझर बंद होतो आणि पुढच्यासाठी पुन्हा सुरू होतो. तिथे सांधा राहतोच. दुसरीत अख्खी चकती एका दमात लिहिली जाते, सांधा नाही. शिवाय सीडी लिहिण्याच्या प्रोग्रामांत दोन सेकंदांचा विराम आपोआप टाकलेला असे. नीरो नावाचा प्रोग्राम आपल्याकडे घरोघरी होता, त्याचं पूर्ण नाव ‘नीरो बर्निंग रॉम’. रोम जळताना फिडल वाजवल्याची दंतकथा असलेल्या बादशहावरची ही जर्मन कोटी. त्यातही प्रत्येक ट्रॅकमागचे ते दोन सेकंद आपण हाताने शून्य करायचे असत. सुट्या सिनेगीतांना त्या विरामाने काही बिघडत नसे. मैफिलीचा मात्र गळा आवळला गेला.

विराम शून्य केला तरी एक बारीक गोम उरते, आणि इथे तो ५८८ आकडा लागतो. सलग ध्वनीची फाइल कापताना तुकड्याची लांबी ५८८ नमुन्यांच्या पटीत नसेल तर शेवटचा अपुरा भाग शांततेने भरला जातो. सेकंदाच्या पंच्याहत्तराव्या हिश्शाहूनही कमी वेळ, पण तंबोरा चालू असताना तेवढाही ‘टक्’ असा ऐकू येतो. एमपीथ्री केल्यावर तर प्रत्येक तुकड्याच्या टोकांना थोडी शांतता चिकटतेच, म्हणून त्या तुकड्यांपासून पुन्हा सलग सीडी करायला जाऊ नये.

यावरचा चांगला तोडगा म्हणजे फाइल कापायचीच नाही. पूर्ण कार्यक्रमाची एकच फाइल ठेवायची आणि शेजारी ‘क्यू शीट’ नावाची साधी मजकुराची फाइल. तिच्यात ट्रॅकचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि तो कुठे सुरू होतो ती वेळ : मिनिटं, सेकंद आणि त्यापुढे शून्य ते चौऱ्याहत्तरमधला भागांचा आकडा. एवढ्यावर चकती एका दमात लिहिली जाते. खूण चुकीच्या जागी पडली तर आकडा बदला, ध्वनीला हात लागत नाही. कॅसेटमधली फीत एकदाच नीट वाजेल अशा अवस्थेत असताना ही गोष्ट लहान नाही.

खरा विचार करायचा तो खूण कुठे पाडायची याचा. आपल्या कार्यक्रमांत दोन पदांच्या मध्ये निवेदन असतं आणि पुष्कळदा तेच मोलाचं. बोलणारी माणसं आता राहिली नाहीत. ते निवेदन मागच्या ट्रॅकच्या शेपटीला लावायचं की पुढच्याच्या डोक्यावर ठेवायचं? सीडीच्या प्रमाणात यासाठी जागा मुळातच ठेवलेली आहे, ती फारशी कुणी वापरत नाही एवढंच. प्रत्येक ट्रॅकला शून्य क्रमांकाची आणि एक क्रमांकाची अशा दोन खुणा देता येतात. निवेदन या दोहोंच्या मध्ये ठेवलं, तर सीडी सलग लावणाऱ्याला ते ऐकू येतं आणि बहुतेक प्लेअर तेवढा वेळ आकडे उलटे मोजतात. ज्याने थेट पदाचा क्रमांक दाबला तो एक क्रमांकाच्या खुणेवर, म्हणजे पदाच्या पहिल्या सुरावर पोचतो. मात्र सीडी पुन्हा संगणकात घेताना हा मधला भाग बहुधा मागच्या ट्रॅकला जोडला जातो, म्हणून मूळ सलग फाइल आणि क्यू शीट जपायलाच हवी.

शास्त्रीय मैफिलीत विलंबित आणि द्रुत यांच्या मध्ये खूण असावी का, यावर आपल्या मंडळींत दोन मतं पडतील. माझ्या मते असावी. शिकणाऱ्या मुलांना द्रुत बंदिश पुन्हापुन्हा ऐकायची असते, आणि खुणेने तबल्याची एक मात्राही हलत नाही. तानेच्या मध्ये मात्र कुणी क्रमांक टाकू नये.

कीर्तनाला आपल्याला काही शोधावंच लागत नाही. नमन, पूर्वरंग, मध्यंतरातला गजर आणि बुक्का, उत्तररंग, आरती : बुवांनी खुणा आधीच पाडून ठेवलेल्या आहेत. मंडळाच्या कपाटातली कीर्तनं म्हणूनच सर्वांत आधी घ्यायला हरकत नाही. दुपारचे दोन तास मोकळे असलेल्या, आवाज ओळखू शकणाऱ्या एखाद-दोन ज्येष्ठांनी शेजारी बसून नावं सांगितली, तर क्यू शीटमध्ये ती नावं तिथल्या तिथे लिहून घेता येतील.