जुन्या छोट्या मोटारीची पारख : कागदपत्रे आणि झीज यांचा मेळ महत्त्वाचा

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात झालेल्या अतिवृष्टीने बंगळुरू शहराच्या पूर्व भागातील जनजीवन विस्कळीत झाले. बेळ्ळंदूर, येमलूर, सर्जापूर रस्ता आणि आऊटर रिंग रोड परिसरातील अनेक वसाहती जलमय झाल्या आणि तळघरांत उभ्या असलेल्या मोटारी पाण्यात बुडाल्या. अशी मोटार धुऊन, चकाकी देऊन पुन्हा विक्रीस येऊ शकते. छोटी जुनी मोटार ही अनेक कुटुंबांची पहिलीच मोटार असते व ती बचतीच्या पैशातून घेतली जाते. निवड चुकल्यास दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

मोटारीची विश्वासार्हता केवळ तिच्या वयावरून किंवा कंपनीच्या नावावरून ठरत नाही. ती कशी वापरली गेली, हे कागदपत्रे एका बाजूने सांगतात आणि यंत्राची झीज दुसऱ्या बाजूने सांगते. या दोन्ही साक्षी जुळतात किंवा नाही, हे पाहणे म्हणजेच मोटारीची पारख होय.

किलोमीटरचा आकडा

किलोमीटर दाखवणारा मापक केवळ अंतर मोजतो, वेळ मोजत नाही. बंगळुरूसारख्या वाहतूक कोंडीच्या शहरात मोटार तासभर सुरू राहूनही थोडेच अंतर कापते. या काळात इंजिन चालू असते, क्लच सतत दाबला जातो आणि ब्रेक झिजतात. त्यामुळे ३० हजार किलोमीटर चाललेली शहरातील मोटार महामार्गावर ५० हजार किलोमीटर चाललेल्या मोटारीपेक्षा कमी झिजलेली असेलच, असे नाही.

मापकातील आकडा बदलताही येतो. म्हणून सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरील तारखा आणि किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का, हे तपासावे. पेडलचे रबर, स्टिअरिंग आणि चालकाचे आसन यांची झीज आकड्याशी सुसंगत असावी. टायरच्या कडेवरील चार अंकी संख्या निर्मितीचा काळ दर्शवते. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मापक २० हजार किलोमीटर दाखवत असताना चारही टायर मोटारीपेक्षा बऱ्याच नंतरचे असतील, तर विक्रेत्याकडे त्याचे कारण विचारणे योग्य ठरते.

विमापत्र काय सांगते

सर्वसमावेशक विम्यात दावा न केल्याबद्दल 'नो क्लेम बोनस' मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, त्यानंतर २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी ही सवलत वाढत जाते. एकाच मालकाकडे सहा वर्षे असलेल्या मोटारीच्या विमापत्रात ही सवलत शून्य असेल, तर नजीकच्या काळात दावा झाला असण्याची किंवा विमा खंडित झाला असण्याची शक्यता असते. दावा अपघाताचा होता की पुराच्या नुकसानीचा, याची कागदपत्रे मागावीत. ही सवलत मोटारीची नसून मालकाची असते. त्यामुळे ती खरेदीदाराला मिळत नाही आणि मालक नुकताच बदललेला असल्यासही ती शून्य दिसू शकते, हे ध्यानात ठेवावे.

बुडालेल्या मोटारीच्या खुणा

पाणी ओसरले तरी गाळ मागे राहतो. सुटे चाक ठेवण्याची जागा, आसनांखालील लोखंडी पट्ट्या आणि पायपुसण्यांखालील आच्छादन उचलून पाहावे. सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढल्यास त्याच्या आतील भागावर मातीचे डाग दिसू शकतात. कोंदट वास, दिव्यांच्या काचेआड साचलेली वाफ आणि विद्युत जोडण्यांवरील हिरवट थर हेही सूचक असतात. विद्युत यंत्रणेतील बिघाड अनेकदा काही महिन्यांनी प्रकट होतो. म्हणून तपासणीच्या दिवशी मोटार सुरळीत चालणे पुरेसे मानू नये.

इंजिन थंड असताना तपासणी

विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. ते थंड असताना सुरू करावे. निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर काळा धूर इंधन जादा जात असल्याचे लक्षण आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिल्यास शीतक आत शिरत असल्याची शंका घ्यावी. तेलाला दुधाळ रंग आला असेल, तर तेलात पाणी मिसळलेले असते आणि अशी मोटार टाळणेच इष्ट.

किल्ली फिरवताच सर्व इशारादर्शक दिवे लागून इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. चढावर वरच्या गियरमध्ये इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच झिजलेला असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना चाकांजवळून टकटक आवाज येणे हेही खर्चिक दुरुस्तीचे लक्षण आहे. समुद्रकिनारी वापरलेली मोटार बंगळुरूत विक्रीस आली असेल, तर तिचा तळभाग गंजला आहे का, हे अवश्य पाहावे.

नोंदणी व हस्तांतरण

नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक मोटारीवरील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. थकीत दंड, कर्जाचा बोजा आणि नोंदणीची मुदत यांची खातरजमा करावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते, पुढे तपासणीनंतर तिचे नूतनीकरण होते. बँकेचे कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ द्वारे बोजा उतरवून घ्यावा.

बंगळुरूत घेतलेली मोटार पुणे किंवा कोल्हापुरात नेणाऱ्यांना मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ अन्य राज्यात ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे आणि तेथील करही भरावा लागतो. हा खर्च किंमत ठरवतानाच हिशेबात धरावा.

व्यापाऱ्याकडून खरेदी करताना नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना ते आवश्यक आहे. हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० वेळेत सादर होणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

ही सर्व तपासणी दिवसाच्या उजेडात, कोरड्या जागी आणि आपल्या विश्वासातील तंत्रज्ञाला सोबत घेऊन करावी. जी मोटार तंत्रज्ञाला दाखवण्यास विक्रेता राजी नसेल, ती किंमत कितीही आकर्षक असली तरी सोडून देणे हिताचे ठरते.