रॉबिन हूडने वाचवलेला माणूस

शाळेत असताना एका रविवारी सकाळच्या खेळाला वडिलांनी मला ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ दाखवला. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण काही अडलं नाही. हिरव्या पोशाखातला एरॉल फ्लिन मारलेलं हरीण खांद्यावर टाकून राजपुत्र जॉनच्या भर मेजवानीत शिरतो आणि ते त्याच्यासमोर टेबलावर टाकतो. यात न कळण्यासारखं होतं काय? परवा तोच चित्रपट पुन्हा पाहिला.

वॉर्नर ब्रदर्सने १९३८मध्ये तो पडद्यावर आणला. सुमारे वीस लाख डॉलर खर्च झाला. तोवरचा या कंपनीचा सगळ्यात महागडा चित्रपट. सुरुवात विल्यम कीली यांनी केली, मग त्यांच्या जागी मायकेल कर्टिझ आले. शेरवूडचं जंगल म्हणून जे दिसतं, ते कॅलिफोर्नियातल्या चिको गावाचं उद्यान आहे. टेक्निकलरची नवलाई होती, तेव्हा रंग अगदी हात सैल सोडून वापरलेत. शेवटचं द्वंद्व तर आजही पाहावं. लढणारे दोघे खांबाआड जातात आणि पडद्यावर उरतात नुसत्या त्यांच्या सावल्या. खलनायक झालेले बेसिल रॅथबोन हे खरे कसलेले तलवारबाज. पण बिचाऱ्यांना मरायचं मात्र नायकाच्याच हातून!

इतिहासाच्या कसाला लावलं तर यातलं बरंच गळून पडतं. रॉबिनच्या जुन्या पोवाड्यांत राजा आहे तो एडवर्ड. सिंहहृदयी रिचर्ड त्या कथेत नंतर आला. सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हे वैर रंगवलं वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हान्हो’ कादंबरीत, ती आली १८१९च्या अखेरीस. एक गोष्ट मात्र अस्सल आहे. धर्मयुद्धाहून परतताना, डिसेंबर ११९२मध्ये, रिचर्ड खरोखरच पकडला गेला. ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने त्याला धरलं ते व्हिएन्नाजवळ. खंडणीसाठी इंग्लंडची रयत पिळून निघाली, आणि भावाने, म्हणजे या जॉनने, रिचर्डला आणखी काही काळ डांबून ठेवावं म्हणून फ्रान्सच्या राजाच्या साथीने वर पैसे देऊ केले. लिओपोल्डच्या वाट्याला आलेल्या चांदीतून व्हिएन्नाची तटबंदी उभी राहिली.

हे व्हिएन्ना लक्षात ठेवा. कारण मला सांगायचंय ते तिथल्याच एका माणसाबद्दल.

एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड. लहानपणीच माहलरसारख्या संगीतकाराने ज्याला थोर प्रतिभेचा ठरवलं, तेविसाव्या वर्षी ज्याचा ऑपेरा गाजला, असा हा ज्यू संगीतकार. १९३४पासून त्याचं हॉलिवूडला जाणं-येणं होतं, पण घर आणि मन व्हिएन्नातच. १९३८च्या सुरुवातीला वॉर्नरकडून बोलावणं आलं. पत्नी आणि धाकट्या मुलाला घेऊन तो निघाला. थोरला मुलगा आणि आई-वडील मागे राहिले.

आणि चित्रपट पाहून या गृहस्थाने चक्क नकार दिला! सगळी मारामारीच; आपण भावनेचं संगीत लिहिणारे, हे आपल्याला जमायचं नाही, असं त्याचं म्हणणं. तो फेब्रुवारी महिना. त्याच दिवसांत हिटलरने ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरला बोलावून दमात घेतलं होतं. बातम्या ऐकून कोर्नगोल्ड हादरला. तेवढ्यात स्टुडिओचे संगीतप्रमुख घरी येऊन पुन्हा गळ घालू लागले. शेवटी तो तयार झाला, पण आठवड्याच्या बोलीवर. जमलं नाही तर सोडून देईन म्हणाला. मार्चमध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. आई-वडील आणि मुलगा कसेबसे आगगाडीने निसटले. घर नाझींनी बळकावलं. हॉलिवूडचं बोलावणं आलंच नसतं, तर तो तिथेच असता. रॉबिन हूडने माझा जीव वाचवला, असं तो पुढे सांगत असे.

जंगलातली ती धावपळ, झाडांवरून टपाटप उड्या टाकणारे रॉबिनचे सवंगडी आणि त्यामागचं ते उसळतं, हसरं संगीत लिहिणारा माणूस मुलाची काळजी करत बसला होता, हे कळल्यापासून मला ते तसं ऐकताच येत नाही. परवा तर मी काही वेळ डोळे मिटूनच बसलो. मेजवानीच्या दृश्यात! बायको म्हणाली, झोपलात की काय?

या संगीताला ऑस्कर मिळालं. लढाई संपल्यावर, १९४९मध्ये, कोर्नगोल्ड व्हिएन्नाला परतला खरा, पण तिथे संगीताची चाल बदलली होती. त्याला कोणी फारसं विचारलं नाही. तो पुन्हा अमेरिकेला आला आणि १९५७मध्ये हॉलिवूडमध्येच वारला.

रॉबिनची ती मुख्य धून मात्र चित्रपटासाठी नव्याने बांधलेली नव्हती. ऐन विशीत लिहिलेल्या ‘सुर्सुम कोर्डा’ या आपल्याच रचनेतून ती त्याने उचलली होती. व्हिएन्नाच्या श्रोत्यांना ती रचना तेव्हा काही रुचली नव्हती.