आपली अक्षरे, आपले वाचनालय

आपल्या घरांत पहिल्यांदा आलेला कागद पुस्तकाचा नव्हता, तो कराराचा होता. बहुतेक पूर्वजांना तो वाचता आला नाही. दुसऱ्याने सांगितले, त्यांनी ऐकले आणि खूण केली. पुढे १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागले. ते नसले तर शिपाई वाटेतच पकडून नेई. कागदाशी आपली ओळख झाली ती अशी, भीतीतून.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. ते कलकत्त्याहून आले होते. नंतर मद्रास आणि मुंबईहूनही जहाजे येऊ लागली, आणि रत्नागिरी, साताऱ्याकडची आपली माणसे मॉरिशसच्या उसात राबू लागली. १९१० पर्यंत या बेटावर सुमारे साडेचार लाख शर्तबंद मजूर आले. त्यांत मुंबई बंदराचा वाटा सर्वांत लहान होता. म्हणजे आपण पहिल्यापासूनच थोडे. रत्नागिरीत तर १८२८ सालीच वाचनालय निघाले होते; पण गावात वाचनालय असणे वेगळे आणि त्यातले पुस्तक कष्टकऱ्याच्या हाती पडणे वेगळे.

तरी भाषा टिकली. ती झाकडीत टिकली, गोंधळात टिकली, आजीच्या तोंडी टिकली. दिवसभर कोठीवर काम करून संध्याकाळी बैठकेत कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवली गेली. १९०१ मध्ये गांधीजी येथे थांबले असता त्यांनी सांगितले होते की मुलांना शिकवा. त्या शिकवणीचे फळ १९४७ च्या राज्यघटनेनंतर दिसले. साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले, आणि त्यासाठी भारतीय भाषाही चालल्या. बासदेव बिसूनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव लोकांना अक्षरे शिकवली. मतदार सुमारे १२ हजारांवरून सुमारे ७२ हजारांवर गेले. ज्या कागदाने आपल्याला बांधले होते, त्याच कागदावर नाव लिहून १९४८ मध्ये आपल्या लोकांनी सरकार निवडण्यात भाग घेतला.

आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुनी दप्तरे जपलेली आहेत. त्यांत पूर्वजांचे नाव, वय, उंची, गाव, जहाज सापडते. पण ते सारे सरकारने आपल्याविषयी लिहिलेले आहे. आपण स्वतः लिहिलेले कुठे आहे? झाकडीच्या वह्या, मंडळाचे जमाखर्च, मुलखातून आलेली पत्रे, लग्नपत्रिका हे सगळे घरोघरी पेट्यांत पडून आहे. फेब्रुवारी १९६० च्या कॅरोल चक्रीवादळात हजारो घरे मोडली. घराबरोबर पेटी गेली की वही पुन्हा मिळत नाही.

कोणी विचारील, क्युरपिपला कार्नेगी ग्रंथालय आहे, १९९६ च्या कायद्याने झालेले राष्ट्रीय ग्रंथालय आहे, मग आपले वेगळे कशाला? ती ग्रंथालये सर्वांची आहेत आणि आपण तेथे जायलाच हवे. पण झाकडीची फाटकी वही पाहून हे कोणत्या गावचे गाणे, हे ओळखणारा माणूस आपल्यातच मिळेल. दुसरे, मोठ्या समाजाची पुस्तके दुकानात मिळतात. आपले गिऱ्हाईक थोडे, म्हणून दुकानदार मराठी पुस्तक ठेवत नाही. आम्ही वर्गात पाहतो, मूल पाठ्यपुस्तक छान वाचते, आणि ते संपले की हाती दुसरे मराठी पुस्तक नसते. एका घराला दहा पुस्तके मागवणे जड जाते. चाळीस घरांनी मिळून मागवली तर प्रत्येकाला सारीच वाचायला मिळतात. म्हणून समाज जितका लहान, तितकी वाचनालयाची गरज मोठी.

यासाठी इमारत बांधायला नको. मंडळाची एक कोरडी खोली, जमिनीपासून वर ठेवलेले कपाट आणि शनिवारी दुपारी दार उघडणारा एक माणूस पुरे. जुन्या वह्या आणाव्यात, त्यांची प्रत काढून मूळ वही घरच्यांना परत द्यावी. दार सर्वांना उघडे असावे; शेजारची क्रेओल, भोजपुरी बोलणारी मुलेही येऊ द्यावीत.

बंदरावरच्या दप्तरात कारकुनाने आपली नावे त्याच्या कानाला ऐकू आली तशी लिहिली. वाचनालयाच्या वहीत आपली मुले पुस्तक नेताना स्वतःचे नाव स्वतः लिहितील, देवनागरीत.