वाऱ्यावर गेलेली फळी परत कशी मिळवावी?

सोलापूरकरांचा आणि समुद्राचा संबंध तसा सुट्टीपुरता. पोहणे येते ते विहिरीतले, पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून शिकलेले. आणि पतंग येतो तो गच्चीवरचा. या दोन्ही गोष्टी एकत्र करणारा काईटसर्फिंग हा क्रीडाप्रकार गोव्यातील मोरजी, आश्वे, हरमल या किनाऱ्यांवर रुजला आहे. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात तेथे जाणाऱ्या मराठी तरुणांच्या नजरेस तो हमखास पडतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पतंगाच्या शर्यतींचा प्रथमच समावेश झाला. ब्रिटनची एली ऑल्ड्रिज व ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस यांनी पहिली दोन सुवर्णपदके जिंकल्यावर या खेळाविषयीचे कुतूहल वाढणे स्वाभाविकच होते.

या खेळातला पतंग म्हणजे हवा भरून फुगवलेल्या कडांचे, साधारणपणे नऊ ते बारा चौरस मीटरचे कापड. पाण्यात पडूनही पुन्हा उडवता येईल अशा या फुगीर पतंगाचे पेटंट ब्रुनो व डोमिनिक लेगेनू या फ्रेंच बंधूंनी १९८४ मध्ये घेतले. वीस ते चोवीस मीटर लांबीच्या दोरांनी तो खेळाडूच्या कमरेच्या पट्ट्याशी जोडलेला असतो, पायांखाली दीड मीटरच्या आतबाहेरची फळी असते आणि वाऱ्याच्या जोरावर माणूस पाण्यावरून घसरत जातो. शिकणारा पहिल्या आठवड्यात पडतो, आणि पडला की फळी पायांतून निसटते. पुढे काय करायचे हे ठाऊक नसेल, तर तो दिवस हताश होऊन फळीच्या मागे पोहण्यात जातो. कधी कधी त्याहून वाईटही घडते.

फळी मागे का राहते?

फळी वाऱ्याने वाहत पुढे जाईल आणि आपण मागे राहू, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात उलट घडते. फळीला शीड नाही; ती लाटांबरोबर संथपणे वाहते. तुमच्या कमरेला मात्र पतंगाचा ओढा असतो. पडल्यानंतर पतंग सावरेपर्यंतच्या काही क्षणांत तो तुम्हाला वाऱ्याच्या दिशेने फळीपासून पाच, दहा, कधी तीस मीटर पुढे घेऊन जातो. फळी आता वारा येतो त्या अंगाला, म्हणजे तुमच्या पाठीमागे आहे. पतंग तर तुम्हाला नेमके तिच्यापासून दूर ओढतो आहे. फळी परत मिळवण्याच्या साऱ्या खटाटोपाचे मूळ या एका विसंगतीत आहे.

सरळ पोहत जाणे हा उपाय नव्हे. पतंग हवेत असताना वाऱ्याविरुद्ध पोहणे म्हणजे बैल पुढे ओढत असताना गाडी मागे ढकलण्यासारखे आहे. पतंगाचाच जोर वापरून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचे असते. या तंत्राला इंग्रजीत ‘बॉडी ड्रॅग’ म्हणतात. आपण त्यास अंगाने ओढत जाणे म्हणू. भरल्या गाडीने उभा चढ सरळ चढता येत नाही, म्हणून गाडीवान ती आडवी-तिडवी वळवत नेतो. शिडाची होडीही वाऱ्याविरुद्ध अशीच नागमोडी जाते. अंगाने ओढत जाणाराही हेच करतो. फक्त होडीच्या तळाच्या कण्याचे काम त्याच्या शरीराला व एका हाताला करावे लागते.

प्रत्यक्ष कृती

पडल्याबरोबर पहिले लक्ष पतंगाकडे द्यावे, फळीकडे नव्हे. पतंग डोक्यावर, घड्याळाच्या बारा वाजताच्या जागी स्थिर करावा. मग एकदाच मान वळवून फळी कोठे आहे ते पाहावे आणि किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण, माड, झोपडी, दीपस्तंभ, तिच्याशी जुळवून मनात पक्की करावी. लाटांमध्ये तरंगणारी फळी वीस मीटरवरूनही दिसेनाशी होते. माड दिसत राहतो. ही खूण न घेतलेले शिकाऊ पुढची पाच मिनिटे निव्वळ शोधण्यात घालवतात.

आता पतंग एका बाजूस उतरवावा. डावीकडे जायचे असेल तर घड्याळातील साडेदहाच्या सुमारास, उजवीकडे जायचे असेल तर दीडच्या सुमारास. पतंग फार वर राहिला तर तो शरीर पाण्याबाहेर उचलतो आणि पाण्यातली पकड सुटते. फार खाली गेला तर तो पाण्यात पडण्याचा धोका वाढतो. वारा मंद असल्यास पतंग थोडा खाली ठेवून हलकेच वर-खाली फिरवावा लागतो. डावीकडे जाताना उजवा हात दांड्याच्या मध्यावर, डावा हात पाण्यात. हा डावा हात ताठ, वाऱ्याच्या वरच्या अंगाकडे तिरका लांबवलेला असावा. शरीर डाव्या कुशीवर, डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत, पाय जुळलेले. पाण्यात बुडालेली ही लांब, ताठ कूस पाण्याला अडते, म्हणून पतंगाचा ओढा तुम्हाला सरळ वाऱ्याखाली नेऊ शकत नाही. तुम्ही तिरके, किंचित वर सरकत राहता. गुडघे वाकले, कंबर मोडली की कणा नाहीसा होतो आणि शरीर लाकडाच्या ओंडक्यासारखे वाहू लागते.

येथे सर्वांत मोठी चूक होते ती फळीकडे सतत पाहण्याची. फळी मागे असल्याने तिच्याकडे पाहण्यास मान वळवावी लागते, मानेमागून खांदा वळतो, खांद्यामागून सारी कूस, आणि मिळवलेले दोन मीटर गमावले जातात. पाहायचे ते पतंगाकडे व किनाऱ्यावरच्या खुणेकडे. फळी वळणावर पाहावी.

वळण घेताना पतंग बाराच्या जागेवरून दुसऱ्या बाजूस न्यावा, हात बदलावे, कूस बदलावी. या दोन-तीन सेकंदांत वारा तुम्हाला थोडा खाली नेतोच. म्हणून वळणे जितकी थोडी तितके बरे. घाईघाईने दर पाच-सहा मीटरवर वळणारा शिकाऊ दहा वळणांनंतरही जेथल्या तेथे असतो. दोन-तीन लांब वाटा काढणारा मात्र फळीच्या वर पोहोचतो. अर्थात वाट इतकीही लांब नसावी की खूणच हरवावी किंवा दुसऱ्या पतंगांच्या वाटेत आपण यावे.

फळीच्या थेट जवळ जाण्याचा मोह आवरावा; प्रथम तिच्याहूनही वर, वाऱ्याकडच्या अंगाला जावे आणि मग पतंग डोक्यावर घेऊन अलगद तिच्यावर वाहत यावे. फळी तुमच्या व वाऱ्याच्या मध्ये असेल, तर एखादी लाट ती उचलून तोंडावर आदळू शकते. तीन-चार किलोची फळी आणि मागे लाट, हा मार हलका नसतो. तुम्ही वर असलात की ती समोर येते, मोकळ्या हाताने मधली मूठ धरता येते आणि तेथूनच पुन्हा पाय अडकवून उभे राहण्याची तयारी करता येते. लाटा फुटतात त्या उथळ पट्ट्यात हे करू नये. फळी पुढच्या हाताशी कडेवर उभी धरली तर तीच हातापेक्षा कितीतरी चांगला कणा होते. तिच्या साहाय्याने खोल, शांत पाण्यात सरकावे आणि मग उभे राहावे.

दोर बांधला तर?

फळी पायाला लवचिक दोराने बांधून का ठेवू नये, असा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो. प्रश्न शहाणपणाचा वाटतो. उत्तर मात्र ठाम नकाराचे आहे. लाटेवर स्वार होणाऱ्या साध्या सर्फरास असा दोर चालतो, कारण त्याला पुढे ओढणारे काही नसते. येथे पतंग माणसाला ओढतो, फळी पाण्यात अडते, मधला दोर बेचक्यासारखा ताणला जातो आणि सुटताच फळी थेट डोक्याकडे झेपावते. या प्रकाराने गंभीर दुखापती झाल्या आहेत. म्हणून चांगले प्रशिक्षक हा दोर देत नाहीत आणि शिरस्त्राण घालायला लावतात. इंटरनॅशनल काईटबोर्डिंग ऑर्गनायझेशनच्या अभ्यासक्रमातही फळी पायांखाली येण्याआधी अंगाने वाऱ्याविरुद्ध जाणे शिकवले जाते. जो प्रशिक्षक पहिल्याच दिवशी फळी हाती देतो, त्याच्याकडे फी भरण्यापूर्वी वाचकांनी दोनदा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सरावाची परीक्षा सोपी आहे: फळीविना पाण्यात उतरावे, चार-सहा वळणे घ्यावीत आणि जेथून उतरलो तेथेच किंवा त्याहून वर किनाऱ्याला लागावे. हे तीन वेळा सलग जमेपर्यंत फळी किनाऱ्यावरच राहिलेली बरी.

गच्चीवर पतंग उडवलेल्यांसाठी एक सूचना. पतंग भरकटला की दोर हातात पकडण्याची आपली सवय येथे घातक आहे. या दोरांना मांजासारखी काच लावलेली नसते, पण एकेक दोर माणसाचे वजन सहज तोलतो. ताणात आलेला दोर बोटे कापू शकतो. धरायचा तो दांडाच. आणि संकटात सोडायची ती कमरेजवळची सुटका-कळ, जी ओढताच पतंगाचा जोर जवळपास नाहीसा होतो.

वारा कोठून वाहतो?

शाळेच्या भूगोलात शिकवलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे जीवन-मरणाचा प्रश्न ठरतात. दुपारी जमीन तापते, समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो. गोव्यात हिवाळ्यातील दुपारी तो वायव्येकडून, किनाऱ्याला तिरका येतो. अशा वाऱ्यात हरवलेली फळी पुष्कळदा स्वतःच किनाऱ्याला लागते. ती मिळवण्यासाठी जिवाचे रान करण्यापेक्षा आपण किनारा गाठून वाळूतून चालत जाणे हाच शहाणा मार्ग. पहाटे व सकाळी मात्र जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्या वाऱ्यात उतरूच नये. कारण तेव्हा सुटलेली फळी खुल्या समुद्राची वाट धरते आणि तिच्यामागे गेलेला माणूसही. साधारण १२ ते २० नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३७ किलोमीटरचा स्थिर वारा शिकण्यास योग्य समजतात. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, गोव्याच्या समुद्रात उतरण्याचा विचारही करू नये.

आपल्या उजनीच्या फुगवट्याचे पाणी पाहून, हेच येथे का नको, असे वाटणे साहजिक आहे. भीमेवरील या धरणाचा विस्तार मोठा आहे, पाणी सपाट दिसते. तथापि तेथील मासेमारीची जाळी, पाण्याखाली गेलेली गावे व झाडे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस अचानक उठणारे वळवाचे वारे, यांतील प्रत्येक गोष्ट पतंगास प्रतिकूल आहे. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली. त्यात सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहत काठाला लागला. असा वारा चार-दोन मिनिटांत दुप्पट होतो. पतंग हवेत असेल तर आकाशात काळा ढग दिसताच तो उतरवणे, एवढाच उपाय उरतो.

फळी कधी सोडून द्यावी?

फळीची किंमत काही दहा हजारांच्या घरात असते, आणि ती भाड्याची असेल तर भरपाईची धास्ती असते. याच धास्तीपोटी माणसे नको तितका वेळ पाण्यात राहतात. तीन लांब वाटा काढूनही फळी जवळ येत नसेल, थंडीने किंवा थकव्याने हाताची पकड सैल पडत असेल, सूर्य मावळतीला टेकला असेल, वारा पडू लागला असेल किंवा खडकाळ टोक जवळ येत असेल, तर फळीचा नाद सोडून त्याच तंत्राने किनारा गाठावा. वारा साफ पडून पतंग पाण्यात कोसळला, तर सुटका-कळ ओढून, दोर दांड्यावर गुंडाळत पतंगापर्यंत जावे आणि त्याच्या फुगीर कडेला धरून राहावे. फुगलेला पतंग उत्तम तराफा असतो व दुरून दिसतोही. तो सोडून पोहत निघणे चुकीचे. अंगावर तरंगते जाकीट हवेच. विहिरीत तासन्तास पोहणाऱ्यालाही ते हवे. विहिरीला प्रवाह नसतो आणि काठ चार हातांवर असतो.

फळीवर आपले नाव व मोबाइल क्रमांक पुसला न जाणाऱ्या शाईने लिहून ठेवावा. कोळी बांधवांना अशा फळ्या जाळ्यात किंवा पुळणीवर सापडतात आणि क्रमांक असेल तर त्या परत मिळू शकतात. मात्र माणूस सुखरूप किनाऱ्याला लागला आणि फळी समुद्रात राहिली, तर ते लगेच जीवरक्षकांना कळवावे. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक नेमलेले आहेत. माणसाविना तरंगणारी फळी कोणाच्या दृष्टीस पडली, तर बुडालेल्याचा शोध सुरू होतो. होड्या निघतात, माणसे पाण्यात उतरतात. उलट, साथीदार दिसेनासा झाला आणि फक्त फळीच दिसत असेल, तर वाट न पाहता जीवरक्षकांना हाक द्यावी व तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. कळवताना शेवटचा दिसला ती वेळ, किनाऱ्यावरची खूण, वाऱ्याची दिशा आणि पतंगाचा रंग एवढे सांगितले, तरी शोध कोणत्या बाजूने सुरू करायचा हे ठरवता येते.