किशोरांचा गृहत्याग आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : बेथनल ग्रीनचा दाखला

एखादे अल्पवयीन मूल घर सोडून अतिरेकी संघटनेत दाखल झाले की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘जबाबदार कोण?’ हाच. त्याचे उत्तर बहुधा दुसऱ्या दिवशीच तयार असते. वृत्तपत्रे आईवडिलांकडे बोट दाखवतात, आईवडील शाळेकडे, शाळा पोलिसांकडे, पोलीस इंटरनेटकडे आणि बाकीचा समाज मशिदीकडे. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य असते, म्हणूनच हे वाद कधी संपत नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र हा प्रश्न थोडा निराळा मांडला पाहिजे : कोणाला काय ठाऊक होते, केव्हा ठाऊक होते आणि ठाऊक झाल्यावर त्याने काय केले? प्रस्तुत लेखात या कसोटीवर लंडनमधील २०१५ सालची एक घटना तपासली आहे. तिच्याविषयी संसदीय समितीपुढील साक्षी आणि न्यायालयीन निवाडे उपलब्ध असल्याने अफवा आणि तथ्य वेगळे करणे शक्य होते.

घटनाक्रम

पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन हा बांगलादेशी वंशाच्या कुटुंबांची मोठी वस्ती असलेला भाग. तेथील बेथनल ग्रीन अकॅडमी या शाळेतील १५ वर्षांची एक विद्यार्थिनी डिसेंबर २०१४ मध्ये सीरियाला निघून गेली. काही काळापूर्वीच तिच्या आईचे निधन झाले होते. पोलिसांनी तिच्या मैत्रिणींकडे विचारपूस केली. ५ फेब्रुवारी २०१५ या तारखेची पत्रे पोलिसांनी या मुलींच्याच हाती दिली. ती पालकांच्या नावे होती आणि मुलींचे जबाब नोंदवण्यास त्यांत संमती मागितली होती. मुलींनी ती घरी दिलीच नाहीत. दप्तरात, पुस्तकांत लपवून ठेवली.

त्यानंतर बाराव्या दिवशी, १७ फेब्रुवारी २०१५ रोजी, शाळेला सत्रमध्याची सुट्टी असताना, या मैत्रिणींपैकी तिघी गॅटविक विमानतळावरून इस्तंबूलला गेल्या. दोघी १५ वर्षांच्या होत्या, एक १६ वर्षांची. एकीने घरी लग्नाला जाते म्हणून सांगितले होते, दुसरीने ग्रंथालयात जाते म्हणून. विमानाची तिकिटे रोख पैसे देऊन काढली होती. पुढे एकीच्या खोलीत हाताने लिहिलेली खर्चाची यादी सापडली. तिकीट, फोन, बूट, कपडे, टॅक्सी असा सगळा हिशेब तीत होता. युद्धभूमीकडे निघालेल्या मुलींची ही यादी शाळेच्या सहलीची असावी अशीच वाटते. इस्तंबूलच्या बसस्थानकात बराच वेळ थांबून त्या सीरियाच्या सीमेकडे गेल्या आणि दाइश या संघटनेच्या ताब्यातील प्रदेशात पोहोचल्या.

तिघींपैकी एक २०१६ मध्ये रक्का येथील हवाई हल्ल्यात मारली गेल्याचे तिच्या कुटुंबाच्या वकिलाने सांगितले. शमीमा बेगम हिचा विवाह सीरियात पोहोचल्यावर काही दिवसांतच एका डच लढवय्याशी लावण्यात आला. तिला तीन मुले झाली, तिन्ही दगावली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती अल-होल येथील छावणीत एका ब्रिटिश पत्रकाराला आढळली आणि त्याच महिन्यात ब्रिटिश गृहमंत्र्यांनी तिचे नागरिकत्व रद्द केले. तेव्हा ती १९ वर्षांची होती.

कुटुंब, शाळा आणि पोलीस

मार्च २०१५ मध्ये मुलींचे नातलग ब्रिटिश संसदेच्या गृहविषयक समितीपुढे आले. मैत्रिणीच्या निघून जाण्याचा खरा अर्थ आपल्याला कोणीच उघड करून सांगितला नाही, तो कळला असता तर आपण मुलींवर लक्ष ठेवले असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच समितीपुढे लंडनचे तत्कालीन पोलीस आयुक्त सर बर्नार्ड होगन-हाउ यांनी पत्र पालकांपर्यंत न पोहोचल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. या मुली धोक्यात आहेत असे पोलिसांनी कधी सुचवले नव्हते, अशी शाळेची भूमिका होती. पोलिसांचे म्हणणे होते की या मुली केवळ साक्षीदार आहेत असे त्यांना वाटले. तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानांनी ब्रिटनने उशिरा कळवल्याचा आरोप केला. ब्रिटिश पोलिसांनी तो नाकारला.

हे सर्व जबाब शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात धोक्याची खूण पोलिसांना ठाऊक होती, शाळेला ठाऊक होती आणि मुलींना तर होतीच. ज्यांच्या घरी त्या रोज झोपत होत्या त्यांना मात्र ती पुरेशी ठाऊक नव्हती. ज्या मुलांपासून गोष्ट जपायची त्याच मुलांच्या हाती पत्र दिले गेले. यात कोणाचा दुष्ट हेतू दिसत नाही. कागद दिला, नोंद झाली, काम संपले, एवढीच ती वृत्ती होती. आणि ही वृत्ती लंडनपुरती मर्यादित नाही हे कोणत्याही शिक्षकाला मान्य करावे लागेल.

याचा अर्थ पालक दोषमुक्त ठरतात असा नाही. तिघींपैकी एकीचे वडील २०१२ मध्ये लंडनमधील अमेरिकन दूतावासासमोरील एका उग्र निदर्शनात सहभागी असल्याचे चित्रीकरण पुढे उघडकीस आले. घरात मोठी माणसे काय बोलतात, कोणत्या मिरवणुकीत जातात, याचा संस्कार मुलांवर होतोच. परंतु इतर दोन घरांविषयी असे काही समोर आले नाही. तेव्हा ‘घरातूनच शिकली’ हे स्पष्टीकरण तिघींना सारखे लागू पडत नाही.

हाक देणारे आणि हाकेला ओ देणारी

मुख्य अपराध भरती करणाऱ्यांचा आहे, हे नि:संदिग्धपणे म्हटले पाहिजे. ग्लासगोहून २०१३ मध्ये सीरियाला गेलेल्या एका तरुणीशी शमीमाने निघण्यापूर्वी ट्विटरवरून संपर्क साधला होता. भरतीची ही भाषा धर्माची असली तरी तिची रीत भुलवणाऱ्याची असते. प्रथम मुलाला घरच्यांपासून मनाने तोडायचे, मग त्याला गुपित सांभाळायला शिकवायचे आणि शेवटी तिकीट काढायला लावायचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या विशेष इमिग्रेशन अपील आयोगाने निवाडा देताना, शमीमाला लैंगिक शोषणासाठी नेले गेले असावे असा विश्वसनीय संशय असल्याचे म्हटले. शासकीय यंत्रणांनी आपले कर्तव्य पार पाडण्यात कसूर केली असावी, असेही नमूद केले. तरीही गृहमंत्र्यांचा निर्णय आयोगाने कायम ठेवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम केला.

मुलीच्या स्वतःच्या जबाबदारीचे काय? २०१९ च्या मुलाखतींत तिने पश्चात्ताप दाखवला नव्हता. २०२१ मध्ये तिने जाहीर माफी मागितली. २०२३ मध्ये आपण अतिरेकी संघटनेत सामील झालो हे मान्य केले. १५ वर्षांच्या मुलीला काहीच कळत नाही असे म्हणणे हा तिचाही अवमान आहे. पण तिच्या समजेचे माप आणि तिला बोलावणाऱ्या प्रौढांच्या समजेचे माप एकच धरणे हा अन्याय आहे. नागरिकत्व काढून घेतल्याने शिक्षा सर्वांत लहान व्यक्तीच्या वाट्याला आली आणि ज्या यंत्रणांची कसूर आयोगाला दिसली त्यांचा हिशेब मागे राहिला.

फिक्हचा दृष्टिकोन

इस्लामी फिक्हमध्ये ‘बुलूग’ म्हणजे वयात येणे आणि ‘रुश्द’ म्हणजे बरेवाईट जाणण्याची समज, असा स्पष्ट भेद आहे. अनाथ मूल वयात आले तरी त्याच्यात रुश्द दिसल्याखेरीज त्याची मालमत्ता त्याच्या हवाली करू नये, असा कुरआनचा दंडक आहे. जिथे चार पैशांच्या व्यवहारासाठी ही खबरदारी, तिथे जिवाच्या निर्णयासाठी किती हवी?

भरती करणारे १५ वर्षांच्या वयासाठी एका हदीसचा आधार घेऊ शकतात, म्हणून तिचा विचार येथे अगत्याचा आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना उहुदच्या वेळी, वय १४ असताना, प्रेषितांनी (स.) परत पाठवले आणि खंदकच्या वेळी, वय १५ असताना, परवानगी दिली. या प्रसंगात वयाच्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आणखी गोष्टी आहेत. शहराला वेढा पडला होता, वडील हजरत उमर (रजि.) तेथेच होते आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी आधी एकदा ‘नाही’ म्हटले होते. आईवडील हयात असलेल्या इच्छुकाला त्यांच्याच सेवेसाठी परत पाठवल्याचा प्रसंगही हदीस-ग्रंथांत प्रसिद्ध आहे. शिवाय, कर्मठपणाचा एवढा डौल मिरवणाऱ्या दाइशने १५ वर्षांच्या मुलींना महरमशिवाय, आईवडिलांशी खोटे बोलून, तीन देश ओलांडायला लावले. ज्या शरीअतचे नाव ते घेत होते तिचाच हा भंग होता.

उलेमांनी हे सांगितले नाही असेही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरच्या १२६ विद्वानांनी दाइशच्या म्होरक्याला खुले पत्र लिहून त्याचे दावे एकेक करून खोडले. सप्टेंबर २०१५ मध्ये भारतातील हजाराहून अधिक मुफ्ती, इमाम व उलेमांनी दाइशविरोधी फतवा काढला. पण विद्वानांचे पत्र आणि शाळकरी मुलाचा मोबाइल यांतील अंतर तोडायचे कोणी? ते काम वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचे आणि मोहल्ल्यातल्या इमामाचेच आहे.

कल्याणचा अनुभव

मे २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथील चार तरुण जियारतीला जाणाऱ्या यात्रेकरूंसोबत इराकला गेले आणि बगदादहून बेपत्ता झाले. ते किशोर नव्हते, विशीतले होते. तरीही तुलना उपयुक्त आहे. येथे मुले गेल्याचे लक्षात येताच घरच्यांनी स्वतः पोलिसांकडे धाव घेतली. त्यांतील एक जण नोव्हेंबर २०१४ मध्ये तुर्कस्तानमार्गे परतला, त्याला अटक झाली आणि खटला चालला. लंडनमध्ये यंत्रणांना ठाऊक होते ते घरापर्यंत पोहोचले नाही; कल्याणात घराला कळले ते यंत्रणांपर्यंत पोहोचले. पण अशा कुटुंबाकडे नंतर शेजारीपाजारी कोणत्या नजरेने पाहतात, यावर पुढचे कुटुंब तोंड उघडील की गप्प बसेल हे ठरते. कळवणाऱ्या बापाला संशयिताच्या रांगेत उभे केले, तर ती वाट कायमची बंद होते.

निष्कर्ष

बेथनल ग्रीनच्या घटनेनंतर, जुलै २०१५ पासून, ब्रिटिश शाळांवर अतिरेकी विचारांकडे झुकणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी दक्ष राहण्याचे कायदेशीर बंधन आले. त्यातून शिक्षकाला खबऱ्या बनवले जाते, दाढी वा हिजाब हीच खूण मानली जाते, अशी टीकाही झाली. ती रास्त आहे. धार्मिकता वाढणे हे धोक्याचे लक्षण नव्हे; अचानक आलेली गुप्तता, जुनी मैत्री तुटणे, घरच्यांना एकाएकी ‘गुमराह’ ठरवणे ही लक्षणे आहेत. ती ओळखायला गुप्तहेर लागत नाही, मुलाला नावाने ओळखणारा शिक्षक लागतो.

मुलाविषयी मिळालेली माहिती ही अमानत आहे. ज्याच्या हाती ती पडली त्याने ती योग्य माणसापर्यंत, योग्य वेळी, समोरासमोर पोहोचवली पाहिजे. बोलावणाऱ्याचा गुन्हा सर्वांत मोठा, जाणाऱ्याचा त्याच्या समजेएवढा. पण मधल्या प्रत्येकाची जबाबदारी त्याला जेवढे ठाऊक होते तेवढी आहे. बेथनल ग्रीनमध्ये पत्र लिहिले गेले, दिले गेले, नोंदवले गेले. कोणीतरी ते घेऊन जिने चढायचे, दार ठोठवायचे आणि आईच्या हाती द्यायचे, एवढेच राहून गेले.