मिग-२५ चे नाक उघडल्यावर

६ सप्टेंबर १९७६ रोजी सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को याने आपले मिग-२५ जपानमधल्या हाकोदाते विमानतळावर उतरवले आणि अमेरिकेत आश्रय मागितला. तज्ज्ञांनी विमान सुटे केले, तर सांगाडा बहुतांशी निकेलमिश्रित पोलादाचा आणि ट्रान्झिस्टरच्या जमान्यातही रडारमध्ये निर्वात नळ्या! पुष्कळांनी नाके मुरडली.

त्यांनी जरा घाईच केली. या विमानाच्या ‘स्मेर्च’ रडारची शक्ती सुमारे ६०० किलोवॅट होती. एवढी कशाला, हे उमगले की इलेक्ट्रॉनिक युद्ध या विषयाचे दार उघडते. रडारची लहर लक्ष्यावर आपटून माघारी येते, त्यामुळे प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. शत्रूच्या जॅमरचा, म्हणजे रडारला बुजवणाऱ्या यंत्राचा, गोंगाट एकेरीच प्रवास करतो, तो वर्गानेच घटतो. म्हणून लांबून जॅमरची सरशी होते. जवळ येता येता मात्र एका टप्प्यावर प्रतिध्वनी वरचढ ठरतो. रडार जितके दणकट, तितका हा टप्पा लांबवर गाठता येतो. अमेरिकी बॉम्बफेकी विमाने जॅमर घेऊनच येणार, हे गृहीत धरून केलेली ही रचना होती. (गणिताची धास्ती असलेल्यांना एवढाच वर्ग आणि चौथा घात पुरे.)

पण रडारचे गुपित फुटले की त्याची निम्मी ताकद जाते. बेलेन्कोनंतर मिग-२५ ला नवे रडार बसवावे लागले. पुढे मॉस्कोतला रडार-अभियंता अडोल्फ टोल्काचेव्ह याने वर्षानुवर्षे अमेरिकेला कागद पुरवले. १९८६ मध्ये त्याला देहदंड झाला. त्यामुळे या शास्त्राच्या अभ्यासकाला हेरगिरीचा इतिहासही वाचावाच लागतो.

वैमानिकाच्या बाजूने पाहायचे तर ‘बेर्योझा’ या इशारायंत्राची तबकडी पाहावी. मधोमध विमानाची छोटी आकृती, भोवती दिवे. ज्या बाजूने रडार रोखलेले, त्या बाजूचा दिवा पेटतो. रडार कोणत्या जातीचे, ते खालची अक्षरे सांगतात. आणि कानात सूर वाजतो. मजकूर वाचायला तिथे सवड कुणाला?

मराठी वाचकाला ही विमाने परकी नाहीत. मिग-२१ आणि मिग-२७ नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. त्यांतल्या इलेक्ट्रॉनिक पेट्या ज्यांनी उघडल्या, तपासल्या, पुन्हा बसवल्या, त्यांनी गोपनीयतेच्या मर्यादेत राहून आपले अनुभव मराठीत लिहावेत, ही विनंती.